सांगकाम्याच्या शोधात

हार्ड डिस्क आणि संगणक यांच्या मध्ये बसणाऱ्या एका कार्डाविषयी या पानावर लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होते. येथे येणारा वाचक बहुधा मराठीचा विद्यार्थी किंवा शिक्षक. त्याला संहिता, पाठभेद, प्रक्षेप हे शब्द जवळचे. कंट्रोलर, फर्मवेअर हे परके. परंतु घरच्या सर्व्हरसाठी हे कार्ड निवडताना जो प्रश्न मला सतत पडत गेला तो संहितेच्या अभ्यासकाचाच होता. मूळ मजकूर आणि वाचक यांच्या मध्ये जो कोणी उभा असतो, त्याने किती काम करावे? आणि जे केले ते सांगावे की गुपचूप करून मोकळे व्हावे? म्हणून शेवटी लिहायचे ठरवले. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांनी मधले दोन-तीन परिच्छेद ओलांडून पुढे गेले तरी चालेल.

प्रथम त्या सर्व्हरमध्ये आहे काय ते सांगते. अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले गाव. कापूस, तूर, सोयाबीन यांचा हा मुलूख. २००३ साली मी आईच्या ओळखीने गावातल्या आणि आसपासच्या वृद्ध बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करू लागले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात ऐंशीच्या दशकात आरंभलेल्या कामाचा आदर्श समोर होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने येत आहेत. माझे काम त्या मानाने चिमूटभर. आधी कॅसेट, मग डिजिटल रेकॉर्डर, असे करीत सुमारे तीनशे तास जमले. त्याच्या जोडीला विदर्भातली बंद पडलेली नियतकालिके, गावातल्या घरांतून मिळालेल्या वह्या, जुन्या पोथ्यांची सुटी पाने यांची अडतीस हजार पानांची छायाचित्रे. एक पान चारशेच्या बारकाईने आणि रंगीत घेतले, तर न आवळता साधारण शेहेचाळीस मेगाबाइट होते. म्हणजे नुसती पानेच पावणेदोन टेराबाइट. चित्रफिती धरून एकूण चार टेराबाइटच्या आसपास. गाणाऱ्या बहुतेक बायका आता नाहीत. हा आवाज दुसऱ्यांदा मिळायचा नाही.

हे सारे भाड्याच्या साठवणीत, म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर का ठेवले नाही, असे कुणीही विचारील. दरमहा भाडे भरत राहणे हे एक कारण आहेच. पण खरे कारण वेगळे. या मुद्रणांपैकी अकरा अटीवर मिळालेली आहेत. सासुरवासाच्या ओव्यांत नावे येतात. गावातली खरी नावे, ज्यांची नातवंडे आज त्याच गल्लीत राहतात. एका म्हातारीने गाऊन झाल्यावर माझ्या हातावर हात ठेवून सांगितले होते, “हे कोनाले आयकवू नको पोरी. जाऊ दे, माहं मन हलकं झालं.” ते मी पुसले नाही, आणि कुणाला ऐकवलेही नाही. ज्या वस्तूच्या बाबतीत शब्द दिला आहे ती वस्तू आपल्या छपराखाली असावी असे मला वाटते. यात तर्कापेक्षा भावना अधिक असेल. असो.

आता यंत्राकडे वळू. माझ्याकडे एक जुना, थोराड संगणक आहे. त्याच्या मुख्य पटलावर हार्ड डिस्क जोडण्यासाठी चारच जागा. एका परिचिताने आपला स्टुडिओ बंद करताना दोन टेराबाइटच्या सहा डिस्क मला देऊन टाकल्या. भाच्याचे म्हणणे असे की, मावशी, दोन मोठ्या नव्या डिस्क घे, दोहोंवर तेच ठेव, कार्डाची कटकटच नको. सल्ला शहाणपणाचा होता, आणि ज्याला चालेल त्याने तो जरूर मानावा. पण सहा डिस्क फुकट हाती असताना नव्या विकत घेणे माझ्या निवृत्तिवेतनाला मानवले नसते; शिवाय वापरलेल्या, एकाच वयाच्या डिस्क एकापाठोपाठ जातात, त्यामुळे दोन गेल्या तरी निभावेल अशी रचना मला हवी होती. सहा डिस्क आणि चार जागा! म्हणजे कार्ड घेणे आले.

अशा कार्डांची दोन घराणी आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी परस्परविरुद्ध आहे.

पहिले घराणे रेड कार्डांचे. (हा रंग नव्हे.) १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध वाचला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांत थोडी पुनरुक्ती ठेवावी, म्हणजे एखादी मेली तरी मजकूर वाचेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या नावातल्या ‘आय’ या अक्षराचा अर्थ मुळात ‘स्वस्त’ असा होता. पुढे विक्रेत्यांनी त्याचा ‘स्वतंत्र’ केला, कारण स्वस्त म्हणून सांगितलेली वस्तू महाग विकता येत नाही. अर्थांतराचे हे उदाहरण भाषाविज्ञानाच्या वर्गात सांगण्याजोगे आहे. पुनरुक्तीची युक्ती मात्र शाळकरी मुलालाही कळेल. तीन वह्यांवर तीन आकडे लिहा आणि चौथीवर त्यांची बेरीज. कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या तिन्हींवरून ती पुन्हा लिहिता येते. प्रत्यक्षात बेरजेऐवजी सम-विषम पाहणारी एक क्रिया असते, आणि दोन वह्या हरवल्या तरी चालावे म्हणून आणखी एक निराळे समीकरण जोडावे लागते, एवढेच.

रेड कार्ड हे सगळे स्वतः करते. त्याच्यावर छोटा प्रोसेसर असतो, स्वतःची स्मृती असते, वीज गेली तर ती स्मृती जागी ठेवायला काहींवर बॅटरीही असते. संगणकाला ते सहा डिस्क दाखवतच नाही. ‘ही घ्या एक मोठी डिस्क’ असे म्हणते. मजकुराचे तुकडे कोणत्या क्रमाने, केवढे, कोणत्या डिस्कवर टाकले याचा हिशेब ते आपल्या पद्धतीने प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवते. मालकाला काही कळावे लागत नाही. दुकानदार याच गोष्टीची तारीफ करतात, आणि ज्या कचेरीत पगारी माणूस व राखीव कार्ड दोन्ही असतात तेथे ती तारीफ खोटीही नाही.

दुसरे घराणे साध्या जोडकार्डांचे. त्यांना एचबीए म्हणतात. ही कार्डे काहीच करीत नाहीत. डिस्क जशी आहे तशी संगणकापुढे उभी करतात, तिचा अनुक्रमांक, तिचे तापमान, तिची दुखणी, सगळे जसेच्या तसे पोचवतात आणि बाजूला होतात. मराठीत यांना सांगकाम्या म्हणता येईल. आपल्याकडे हा शब्द जरा हिणवण्यासाठी वापरतात. सांगितले तेवढेच करणारा, स्वतःचे डोके न चालवणारा. मला मात्र नेमका असाच गडी हवा होता, आणि असे का, ते सांगण्यासाठी थोडे आडवळण घ्यावे लागेल.

पूर्व विदर्भातल्या एका वाचनालयाने आपल्या दुर्मीळ पुस्तकांची छायाचित्रे अशाच एका रेड कार्डाच्या भरवशावर ठेवली होती. २०१६ च्या पावसाळ्यात वीज कोसळली आणि इतर काही सामानाबरोबर ते कार्ड जळाले. डिस्क सगळ्या धडधाकट होत्या. दुसऱ्या संगणकाला जोडल्या तर त्यांनी आपली लांबी-रुंदी बरोबर सांगितली, पण मजकूर म्हणून जे बाहेर आले ते केवळ गाळ होते. हिशेब डिस्कवर होता. तो वाचण्याची रीत त्या घराण्याच्या कार्डाला ठाऊक होती, आणि तसे कार्ड बाजारातून केव्हाच गेले होते. चार महिन्यांनी बंगळूरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे त्याच जातीचे कार्ड सापडले आणि सारे जसेच्या तसे परत आले. शेवट गोड झाला म्हणायचा. पण ते चार महिने तो संग्रह शाबूत असूनही अवाच्य होता, आणि या अवस्थेसाठी आपल्या वाङ्मयेतिहासात एक फार मोठे उदाहरण आहे.

अल्लीपूरहून वायव्येला, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर आहे, महानुभावांचे ऋद्धिपूर. म्हाइंभटाचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आकाराला आले. त्याच पंथातल्या रवळोबासांनी चौदाव्या शतकात सकळ लिपी सिद्ध केली असे मानतात. अक्षरांची ठरावीक अदलाबदल करणारी ही सांकेतिक लिपी. पुढे सुंदरी लिपीसारख्या आणखीही लिप्या आल्या. आपले धर्मग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, त्यांची विटंबना होऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू सफल झाला, इतका की बाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतके या वाङ्मयाचा पत्ताच लागला नाही. पोथ्या होत्या, त्यांच्या नकला निष्ठेने होत होत्या, पंथातली माणसे त्या वाचीतही होती. पण किल्ली मठाबाहेर नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, आणि मराठी गद्याचा इतिहास मागे नेऊन नव्याने मांडावा लागला. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये छापून आले, तेव्हा म्हाइंभटाला जाऊन सहाशेंहून अधिक वर्षे लोटली होती.

महानुभावांनी चूक केली असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. अकरा मुद्रणे कुलपात ठेवणारी मी त्यांना काय शिकवणार? पण एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. रवळोबासांना ठाऊक होते की आपण कुलूप घालीत आहोत. किल्ली कुणाकडे द्यावी याचाही त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी विचार केलेला होता, म्हणून तर परंपरेच्या आत वाचन खंडले नाही. वाचनालयाच्या त्या मंडळींना आपण काही कुलूपबंद केले आहे याची कल्पनाच नव्हती. सोय म्हणून एक वस्तू आणली, तिने मजकूर आपल्या लिपीत उतरवून घेतला, आणि किल्ली म्हणजे ती वस्तू स्वतःच, हे ती जळाल्यावर कळले.

लीळाचरित्राची दुसरी गोष्टही येथे आठवते. परंपरा सांगते की परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करण्यात आली. त्यामुळेच आज तिचे निरनिराळे पाठ आढळतात. वाचली ती पोथी अनेकांच्या स्मरणात होती म्हणून, आणि त्या स्मरणाला मधल्या कुठल्या यंत्राची गरज नव्हती म्हणून.

कार्ड या शब्दावरून आणखी एक जुनी ओळख निघते. १९८८ सालीच, म्हणजे वरचा रेडचा निबंध आला त्याच वर्षी, पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे तेथे आले आणि त्यातून जिस्ट कार्ड घडले. आजच्या विद्यार्थ्याला हे सांगितले तर खरे वाटत नाही, पण एके काळी संगणकाच्या पडद्यावर ‘क’ उमटावा म्हणून त्याच्या पोटात एक कार्ड बसवावे लागे. कार्ड काढले की मराठी गेली! ते कार्ड आज कुठे दिसत नाही. तरीही त्याच्यावर लिहिलेला मजकूर वाचता येतो, कारण कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे त्या कार्डाचे गुपित नव्हते. ‘इस्की’ नावाचे ते कोष्टक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून छापून प्रसिद्ध झाले, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. मग एखाद्या विद्यार्थ्याला दुपारभरात अशा जुन्या फायली उलटवून घेता येतात.

याच्या उलट नव्वदीच्या दशकात आणि पुढेही टंकांच्या भरवशावर झालेले लेखन. प्रत्येक टंकाचा हिशेब वेगळा. इंग्रजी अक्षराच्या घरात कुणी काना बसवला, कुणी अर्धा ‘त’. टंक आहे तोवर मजकूर मराठी, टंक गेला की चिन्हांचा सडा. माझ्याकडे एका दिवाळी अंकाची अशी फाईल आहे. छापील अंक वाळवीने खाल्ला, फाईल शाबूत आहे, आणि तिच्यातली जोडाक्षरे लावता लावता मी थकले आहे. कार्ड जाऊनही जिस्टचा मजकूर उरला आणि साधी फाईल असूनही टंकाचा मजकूर अडला. तेव्हा यंत्र आहे की नाही यापेक्षा त्या यंत्राची रीत चारचौघांत सांगितलेली आहे की नाही, याला महत्त्व.

हे सारे मनात असल्यामुळे माझा कौल साध्या कार्डाकडे आधीच झुकला होता. डिस्क बांधण्याचे काम कार्डाने न करता संगणकावरच्या प्रणालीने करायचे. मी झेडएफएस निवडली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ती तयार झाली, २००५ मध्ये तिची संहिता खुली झाली, आणि आज एक मोठा समूह तिची देखभाल करतो. प्रत्येक तुकड्याबरोबर ती त्याची खूणगाठ लिहून ठेवते. वाचताना खूणगाठ जुळली नाही तर पुनरुक्तीवरून तो तुकडा दुरुस्त करते आणि कोणत्या डिस्कवर किती दुरुस्त्या केल्या त्याची नोंद पुढे ठेवते. मात्र हे नीट व्हायचे तर डिस्क तिला उघड्या दिसायला हव्यात. मध्ये हुशार कार्ड बसले की तिला तेच सांगेल ते ऐकावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. मधल्याने गप्प बसावे हे ठीक. पण मग चुका दुरुस्त कुणी करायच्या? नुसता नक्कल करणारा लेखनिक चुकीसह नक्कल करतो. हे खरेच आहे, आणि म्हणून दुरुस्ती नको असे माझे म्हणणे नाहीच. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी पानोपानी निवड केली आहे. एक पाठ वर घेतला, बाकीचे खाली उतरवले. पण ते खाली उतरवले, फेकले नाहीत. कोणत्या हस्तलिखितात काय होते ते तळटीपेत आहे; ज्याला सुखठणकरांचा निर्णय पटत नाही त्याने आपला करावा. याउलट जुनी बखर ‘सुबोध’ करून छापणारे संपादक आपण पाहिले आहेत. शब्द बदलले, वाक्ये सरळ केली, कुठे केली ते लिहिले नाही. आणि मूळ कागद गहाळ झाल्यावर ती सुबोध प्रतच मूळ होऊन बसली. दोघेही दुरुस्तीच करतात. रेड कार्डाची दुरुस्ती मला या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची वाटते. यात तिच्यावर थोडा अन्याय होत असेल, कारण तीही काही नोंदी ठेवते; पण त्या नोंदी वाचायलासुद्धा तिचेच साधन लागते.

तत्त्व ठरले तरी वस्तू निवडायची राहतेच, आणि तेथे महानुभाव उपयोगी पडत नाहीत.

बाजारात पाच-सहा जागांची स्वस्त कार्डे मिळतात. काहींवर एकच बऱ्यापैकी नियंत्रक असतो, आणि ती वाईट नाहीत. वीज कमी खातात, हे आमच्याकडच्या उन्हाळ्यात लहानसहान गुण नव्हे. पण दिसायला तशाच असलेल्या दुसऱ्या काहींवर दोन जागांचा नियंत्रक बसवून पुढे फाटे फोडलेले असतात. एका पाऊलवाटेवर पाच बैलगाड्या. वेग कमी होतो हे सोडून देऊ, ओव्या ऐकायला वेग कशाला हवा. पण एक डिस्क अडखळली की त्याच फाट्यावरच्या बाकीच्याही क्षणभर नाहीशा होतात, आणि एकदम चार डिस्क नाहीशा झालेल्या पाहून कोणतीही प्रणाली घाबरेल. वेष्टनावर यातला कोणता प्रकार आहे ते क्वचितच लिहिलेले असते. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत विचारले तर ‘मॅडम, सगळे सारखेच’ असे उत्तर मिळाले.

मग मोठ्या सर्व्हरांतून निघालेल्या जुन्या कार्डांकडे वळले. येथे एलएसआय हे नाव सारखे भेटते. ही कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली, त्या अवागोने पुढे ब्रॉडकॉम घेतली आणि २०१६ पासून तिचेच नाव धारण केले. त्यामुळे एकाच कार्डाची माहिती तीन नावांखाली शोधावी लागते. प्रकाशन संस्था हातोहात फिरली की जुन्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांचे होते तसेच. त्यातच हेच कार्ड आयबीएम आणि डेल यांनी आपापल्या नावांनीही विकलेले. नऊ-दोन-अकरा या क्रमांकाचे ‘९२११-८आय’ हे यातले सर्वांत गाजलेले. त्यावर दोन प्रकारचे फर्मवेअर चालते: एक थोडेफार रेड करणारे, दुसरे निव्वळ पोचवणारे. दुसऱ्याला ‘आयटी’ म्हणतात. त्याचा माहिती तंत्रज्ञानाशी संबंध नाही. रेड करणारे पुसून पोचवणारे चढवणे हा या क्षेत्रातल्या हौशी मंडळींचा आवडता विधी आहे. हुशार गड्याला मुद्दाम सांगकाम्या करायचे! विधी अवघड नाही; पण तो अर्ध्यावर असताना वीज गेली तर कार्डाचा दगड होतो, आणि अल्लीपुरात पावसाळ्याच्या तोंडाशी हा धोका कोणी पत्करावा?

म्हणून मी त्याच्या धाकट्या भावावर, ‘९२०७-८आय’ वर थांबले. ते कारखान्यातूनच पोचवणारे फर्मवेअर घेऊन येते. आठ डिस्क जोडता येतात, मला सहा पुरे. त्याहून नवे, दुप्पट वेगाचे ‘९३००’ आहे. पण माझ्या जुन्या डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या पुढे फारशा जात नाहीत, सहा मिळून नऊशे, आणि या कार्डाची वाट तिच्या कितीतरी पट रुंद आहे. जुन्या मालात नकलाही पुष्कळ फिरतात. विक्रेत्याने कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवली, तीत चिपवरचा क्रमांक वाचता आला, तेव्हा पैसे दिले.

दोन बारीक गोष्टी कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते. कार्डाच्या एका जागेतून चार डिस्ककडे जाणारी केबल दोन प्रकारची असते, कार्डाकडून डिस्ककडे आणि उलटी. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. उलटी लावली तर काहीही बिघडत नाही, फक्त डिस्क दिसत नाहीत, आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. दुसरे, हे कार्ड सुमारे दहा वॅट वीज खाते आणि सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात राहायच्या हिशेबाने बनवलेले आहे. घरच्या पेटीत तो वारा नसतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्याच्या अंगावर एक छोटा पंखा बांधणे मी अनिवार्य समजते.

सगळे बसवून, मजकूर भरून झाल्यावर मी भाच्याला बोलावले आणि ज्या परीक्षेसाठी हा एवढा खटाटोप केला ती घेतली. संगणक बंद करून कार्ड काढून टेबलावर ठेवले. सहापैकी चार डिस्क पटलावरच्या चार जागांना थेट जोडल्या, दोन तशाच बाजूला राहू दिल्या. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि डिस्कचा संच फक्त वाचण्यापुरता उघडायला सांगितला. दोन डिस्क गैरहजर असल्याची तक्रार पडद्यावर आली, ती रास्तच होती. तक्रारीखाली सगळ्या फायली होत्या. भाच्याने कोणतीही एक उघड म्हटले. मी २००४ मधली एक लावली: जात्याची घरघर, मागे कोंबडा, आणि शेजारच्या मोठ्या मायचा आवाज. कार्ड टेबलावर निपचित पडलेले होते.

अकरा मुद्रणांचा प्रश्न मात्र कार्डाने सुटणारा नव्हता. ती मी आता कुलपात ठेवली आहेत. कुलपाची रीत जगजाहीर आहे, किल्ली तेवढी गुप्त: एक लांब वाक्य, कागदावर लिहून दोन पाकिटांत घातलेले. एक माझ्या कपाटात. दुसरे कुणाकडे द्यावे यावर मी बरेच घोळले. वकिलाकडे, ग्रंथपालाकडे असे विचार आले. शेवटी त्या म्हातारीच्या लेकीकडे दिले. आत काय आहे ते तिला सांगितले. ऐकायचे का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “आत्ता नाही बाई. पन फेकू नको.”

सगळ्याची दुसरी प्रत वर्ध्याला बहिणीच्या घरी असते. दर तिमाहीला एक मोठी डिस्क एसटीने जाते आणि जुनी परत येते. सर्व्हरच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. कोणत्या डिस्क, कोणती प्रणाली, संच उघडायची आज्ञा कोणती, पाकिटे कुणाकडे, हे त्यावर देवनागरीत, ठळक अक्षरांत लिहिले आहे. गेल्या आठवड्यात तो बारावीतल्या भाचीला वाचायला दिला. तिला सगळे समजले. फक्त ‘संच’ म्हणजे सहाही डिस्क एकदम की त्यांतली एक, असे तिने विचारले. तेवढी एक ओळ वाढवावी लागली.